धुतलेले आवाज

आळशी माणसाने उशीर केला तर त्याच्यावर रागावून मोकळं होता येतं. पण जो माणूस भल्या सकाळी उठतो, रेडिओच्या तालावर व्यायाम करतो, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसतो, दिवसभर मान वर करत नाही आणि तरीही ज्याचं काम वर्षानुवर्षं पुरं होत नाही, त्याचं काय करायचं? ओनुकी-सान हे माझ्या ओळखीतले असे एकमेव गृहस्थ. त्यांच्याइतकं मला आजवर कोणी वैतागवलेलं नाही. सासरच्या मंडळींनीसुद्धा नाही, आणि त्यांनी प्रयत्नात कसूर ठेवली होती असं नाही.

जपानात कावासाकीत आम्ही राहायचो त्या इमारतीत ते बरोबर आमच्या खालच्या घरात राहायचे, एकटेच. आमच्या ओळखीची पुण्या-मुंबईची मंडळी जवळजवळ सगळी हिगाशी-कसाईला. तिथे अर्धी बिल्डिंग आपलीच, कुकरच्या शिट्टीचं कोणाला काही वाटत नाही. निखिलचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं ऑफिस तोयोसुला होतं, म्हणजे त्याच्या दृष्टीनेही तेच सोयीचं. पण माझं ऑफिस कावासाकीत, आणि रोजचा ट्रेनचा प्रवास मी करणार नाही असा माझा हट्ट. त्या हट्टापायी ओनुकी-सान नशिबी आले.

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी बेल वाजवली. बुटके, ताठ, कानावर पेन्सिल, हातात तांदळाच्या खारट बिस्किटांचा पुडा. आधी पुडा दिला, मग वाकले, आणि मग असं काही इंग्रजी बोलले की मी दाराची कडी धरून उभीच राहिले. एखाद्या जपान्याने मराठी शिकावी आणि ती थेट मालवणातल्या म्हाताऱ्यांकडून, तसं ते इंग्रजी होतं. शब्द लांबवलेले, नाकातून काढलेले, आणि मधूनच ‘हाय्’ असा शुद्ध जपानी होकार. तक्रार साधी होती. माझ्या कुकरची शिट्टी त्यांच्या कामाच्या आड येत होती. शिट्टी बंद करा असं त्यांचं म्हणणं नव्हतं, तेवढे ते सभ्य होते. रोज कुकर कधी लागणार तेवढं कळवावं, म्हणजे त्या वेळी ते टेप थांबवतील. वरणभाताचं वेळापत्रक मागणारा शेजारी मला जन्मात भेटला नव्हता. मी ते दिलं, आणि वर निखिलला रात्रभर ऐकवलं.

हळूहळू उलगडा झाला. अमेरिकेच्या पूर्वेकडे अपलाचिया नावाचा डोंगराळ पट्टा आहे. दऱ्याखोऱ्या, कोळशाच्या खाणी आणि गरिबी. एके काळी जपानातल्या पोलादाच्या भट्ट्यांना लागणारा कोळसा तिथून यायचा. तरुणपणी ओनुकी-सानांना त्यांच्या कंपनीने तिथल्या एका खाणीवर धाडलं होतं, माल तपासायला. मालगाडीच्या वाघिणीत चढायचं, कोळशाचा नमुना काढायचा, जाळून बघायचा, राख किती राहते ते मोजायचं, आणि प्रमाणाबाहेर असली तर अख्खी गाडी परत पाठवायची. संध्याकाळी करायला काही नाही आणि भाषा तर येत नाही. म्हणून ती शिकण्यासाठी हे महाशय स्पूलचा टेपरेकॉर्डर खांद्याला लावून लोकांच्या पडवीत जाऊन बसायचे. लोकांनी त्यांना मक्याचा पाव आणि शिजवलेला घेवडा खाऊ घातला, आणि जे मनात आलं ते सांगितलं. खाणीतले अपघात, संप, चंद्र बघून घेवडा कधी पेरायचा ते, देवाची गाणी, दारू गाळायच्या गमती. त्या सगळ्या टेपा ते बरोबर घेऊन आले आणि पुढची कितीतरी वर्षं नोकरीच्या रगाड्यात त्या कपाटात पडून राहिल्या.

तपासनीसाचा स्वभाव निवृत्त होत नाही. ‘आधी नमुना, मग मत’ हे त्यांचं वाक्य ठरलेलं. पहिल्या दिवाळीला मी मोठ्या उत्साहाने चकल्यांचा डबा खाली दिला. त्यांनी माझ्यादेखत डब्यातली एक चकली वरून, एक मधून आणि एक तळातून काढली, तिन्हींचा एकेक तुकडा तोडला, सावकाश चावला आणि सांगितलं की तळाच्या चकलीत मीठ जास्त आहे. पीठ दोन वेळा भिजवलं का? भिजवलं होतं. पहिल्यांदा कमी पडलं म्हणून. पण हे कोणी दिवाळीत सांगतं का? दुसरं वाक्य म्हणजे ‘राख किती?’ हे ते कशाबद्दलही विचारायचे. सिनेमा बघून आलात, राख किती? नवे साहेब आलेत ना ऑफिसात, राख किती? एकदा निखिलकडे बोट करून विचारलं तेव्हा मात्र मला हसू आवरलं नाही. निखिलला तो प्रश्न कळला नाही आणि मी काही समजावून सांगितला नाही.

डॉना आमच्या आयुष्यात आली ती ईमेलमधून. त्या डोंगरातल्या एका लहानशा कॉलेजात त्या भागाचा इतिहास जपणारा एक विभाग आहे. लोकांच्या माळ्यावरची पत्रं, फोटो, खाणीतले दिवे, चर्चमधल्या गाण्यांच्या वह्या, जे मिळेल ते नीट लावून ठेवायचं, हे डॉनाचं काम. ओनुकी-सान ज्या खोऱ्यात राहिले तिथली खाण पुढे बंद पडली. मग कोळशासाठी डोंगराचा माथाच कापून काढला, ओढा बुजला आणि गाव उठलं. त्या गावातल्या माणसांचे आवाज जगात एकाच ठिकाणी होते, ते म्हणजे माझ्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली. डॉनाला हा पत्ता कसा लागला कोण जाणे, पण तिने फार आदबीने टेपा मागितल्या. ओनुकी-सानांनी तितक्याच आदबीने कळवलं की तपासणी झाली की पाठवतो.

त्या तपासणीला मग मुहूर्तच लागेना. मी संगणकातली बाई, शनिवारी थोडा वेळ असतो, टेपांच्या डिजिटल प्रती करून देते असं मी होऊन म्हणाले आणि पायावर धोंडा पाडून घेतला. त्यांचे नियम ऐका. टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची, पुढे ढकलायची नाही. ऐकताना बोलायचं नाही. चहा टेप संपल्यावर. प्रत्येक टेपचं एक कार्ड. त्यावर बोलणाऱ्याचं नाव, जागा, विषय आणि दर्जा. दर्जा म्हणजे अव्वल, मध्यम, कनिष्ठ, कोळशासारखा. एका शब्दावर अडले की तिथेच दहादा मागेपुढे. मी सांगायचे, ओनुकी-सान, हे असंच पाठवून द्या, तिथली माणसं तुमच्याआधी ओळखतील. पालथ्या घड्यावर पाणी. डॉनाच्या पत्रांतली आदब हळूहळू कमी होत गेली. ती लिहायची की ज्यांना हे आवाज ओळखता येतील अशी माणसं दर हिवाळ्यात कमी होताहेत. ओनुकी-सान छापून घेतलेलं पत्र दोनदा वाचायचे, घडी घालून ठेवायचे आणि पेन्सिलीला टोक करायचे.

मग मेबलचं पत्र आलं, म्हणजे तिच्या वतीने डॉनाने लिहिलेलं. मेबल ही वॉल्टर नावाच्या खाणकामगाराची मुलगी. वॉल्टरच्या पडवीत ओनुकी-सान सगळ्यात जास्त बसले होते, त्याच्याच टेपा सगळ्यात जास्त. मेबल आता वृद्धाश्रमात होती, नव्वदीला टेकलेली, तब्येत तोळामासा. तिला वडिलांचा आवाज ऐकायचा होता, पण त्याहून जास्त आईचा. आईचा एकही आवाज कोणाकडे नव्हता. पण वडील पडवीत बोलत असत तेव्हा आई आत, स्वयंपाकघराच्या खिडकीशी असायची. कुठे चुकूनमाकून काही आलं असेल का, एवढंच तिने विचारलं होतं.

त्या शनिवारी मी वॉल्टरच्या टेपा मुद्दाम कान देऊन ऐकल्या. बाईचा आवाज कुठेच नाही. आणि मग एक गोष्ट लक्षात आली, जी आधीच यायला हवी होती. वॉल्टर वाक्य संपवायचा आणि पुढचा श्वास एकदम वेगळाच यायचा. पडद्यावर आवाजाची रेघ मध्येच तुटून पुन्हा सुरू झालेली दिसायची. कुत्रा नाही, खोकला नाही, खुर्चीची करकर नाही. पडवीत बसलेल्या माणसाच्या टेपमध्ये चिमणीसुद्धा नाही. मी विचारलं. ओनुकी-सानांचा चेहरा उजळला. निवृत्त झाल्यावर पहिली काही वर्षं त्यांनी तेच तर काम केलं होतं. मूळ टेपा ब्लेडने कापून, नको ते काढून टाकून, चिकटपट्टीने सांधून घेतल्या होत्या. खाणीवर कोळसा धुतात, दगडमाती वाहून जाते आणि नुसता कोळसा उरतो, तसं. या धुतलेल्या टेपा आहेत, ते म्हणाले.

मला काय वाटलं ते सांगते. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. मी नोकरीत उगाच फायली नीटनेटक्या करून सत्यानाश करणारी पोरं पाहिली आहेत, पण हे त्या सगळ्यांच्या वरताण होतं. मी विचारलं की कापलेले तुकडे कुठे आहेत. देवाची कृपा म्हणजे नाकारलेल्या मालाचा नमुना तपासनीस टाकत नाही, पुढे वाद झाला तर दाखवायला ठेवतो. त्यांनी कपाटातून एक जाड स्पूल काढलं. सगळे तुकडे एकामागोमाग एक जोडलेले. कोणाच्या घरचा, कोणत्या दिवसाचा, काही नाही. या माणसाने आयुष्यात जिचं कार्ड केलं नाही अशी ती एकच वस्तू. वर चिठ्ठी होती, त्यावर एकच जपानी अक्षर: राख.

मी म्हटलं, हे आज पाठवा. ते म्हणाले, वर्गवारी केल्याशिवाय कसं पाठवणार. न तपासलेला माल दुसऱ्याच्या दारात टाकणं म्हणजे त्यांना त्रास देणं. मग मात्र माझा तोल गेला. मी जपानी, इंग्रजी आणि शेवटी मराठीतही बोलले. मेबलबाई म्हणजे यार्डात उभी असलेली गाडी नव्हे, ती तुमच्यासाठी थांबणार नाही, असं काहीतरी. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि मी दार आपटून वर आले. दोन-तीन आठवडे खाली पाऊल टाकलं नाही. वर सूड म्हणून भलत्या वेळी कुकर लावला. सकाळी राजमा, दुपारी हरभरे. शिट्ट्यांवर शिट्ट्या. खालून चकार शब्द नाही. त्यांचा हा समंजसपणाही मला डाचला.

एका संध्याकाळी ते वर आले. हातात पुडा नव्हता. कानावर पेन्सिलही नव्हती. त्यांनी सांगितलं की ते रोज राखेचं स्पूल लावून बसताहेत. मशीनवरची सुई हलते, म्हणजे आवाज आहे. पण त्यांना काही ऐकू येत नाही. पुरुषांचे आवाज येतात, कुत्रा येतो. बारीक आवाज गेले. डॉक्टर म्हणाले, वयाने तसंच होतं.

“केळकर-सान, सुई हलते तिथे बाई आहे का, एवढं ऐकून सांगाल?”

ज्या शिट्टीसाठी ते पहिल्या आठवड्यात वर आले होते, ती आता त्यांना ऐकूच जात नव्हती. तीन आठवडे मी भिंतीवर राग काढत होते. वाईट वाटलं, पण राग गेला असं नाही. मी खाली गेले, सुई हलली तिथे ऐकलं आणि सांगितलं की हो, बाई आहे. मग त्यांच्यासमोरच डॉनाला ईमेल लिहायला बसले आणि ते एका शब्दानेही आड आले नाहीत.

पुढच्या शनिवारी आमच्या सकाळी आणि तिकडच्या शुक्रवारच्या संध्याकाळी डॉना लॅपटॉप घेऊन मेबलच्या खोलीत गेली. पडद्यावर एक पिटुकली म्हातारी, गुडघ्यांवर गोधडी, डोळे मात्र तल्लख. ओनुकी-सानांनी कोट-टाय चढवला होता. स्पूल सुरू झालं. पत्र्यावरचा पाऊस, दाराची कडी, खोकला, भुंकणं. आम्हाला कचरा वाटणाऱ्या त्या तुकड्यांवर मेबल सहज बोलायला लागली. हा आमचा कुत्रा नव्हे, पलीकडच्यांचा. हा खोकला बाबांच्या धाकट्या भावाचा, त्याच्या छातीत कोळसा भरला होता. हे दार दुकानाचं. तिचं बोलणं मी मोठ्याने पुन्हा सांगत होते, ओनुकी-सान भराभर लिहून घेत होते आणि मागे पडत होते. आणि मग भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि लांबून, खिडकीच्या आतून, एक बाई ठसठशीत आवाजात म्हणाली, “वॉल्टर, नीट सांग. त्या दिवशी पाऊस नव्हता.”

मेबलने हात वर केला. स्पूल थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. आणि पुन्हा. आणखी बरेच तुकडे निघाले. सगळीकडे ती बाई काही ना काही दुरुस्त करत होती. संप आधी झाला, खाणीचं छत मग कोसळलं. चार जण नव्हे, पाच, धाकट्या पोराला विसरू नकोस. मेबल रडली नाही. ओनुकी-सान सगळा वेळ त्या सुईकडे बघत होते. त्यांच्यासाठी ती बाई म्हणजे एवढंच होतं, सुईचं हलणं. शेवटी मेबलने त्यांच्याकडे बघून एक प्रश्न विचारला. त्यांना तोही ऐकू आला नाही. तो मला त्यांच्या कानाशी मोठ्याने बोलावा लागला, आणि असलं काम परत माझ्यावर येऊ नये.

“त्या विचारताहेत, आईला का कापलं?”

ओनुकी-सानांनी सुईवरची नजर काढून पडद्याकडे वळवली. मग त्या डोंगरातल्या इंग्रजीत, जे बहुधा तिच्याच घरी शिकले होते, ते म्हणाले, “मला वाटलं, त्या मध्ये मध्ये बोलताहेत.”

“मध्ये नव्हती बोलत,” मेबल म्हणाली. “बाबांना कधीच काही धड आठवायचं नाही. खरं काय ते तीच सांगत होती.”

हेही मी त्यांच्या कानाशी सांगितलं. ते उठून उभे राहिले आणि पडद्यासमोर कमरेत वाकले. फार वेळ वाकून राहिले. तिकडे पडद्यावर फक्त त्यांचं टक्कल दिसत असणार. मी कपाटभर कार्डांकडे पाहिलं. त्यांत वॉल्टरच्या नावापुढे सुवाच्य अक्षरात पाऊस होता आणि चार जण होते. दर्जा अव्वल.

टेपांची पेटी पुढे डॉनाकडे पोहोचली, हे सांगून टाकते. सगळ्या टेपा, धुतलेल्या आणि न धुतलेल्या. मेबलनेही पुढे बरेचदा आईचा आवाज मागून घेऊन ऐकला, असं डॉनाने कळवलं. पण मी ओनुकी-सानांना शेवटचं पाहिलं तेव्हा यातलं काही झालेलं नव्हतं. माझं कंत्राट संपलं होतं, आम्ही पुण्याला परत निघालो होतो, घरी सामान बांधणारी माणसं आली होती आणि निखिल फोनवर फोन करत होता. मी ओनुकी-सानांबरोबर पोस्टात रांगेत उभी होते, कारण मी उभी राहिले नाही तर पेटी जाणार नाही याची मला खात्री होती. आमचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीने आत काय आहे ते विचारलं. त्यांनी झाकण उघडलं, सगळ्यात वरचं स्पूल हातात घेतलं, त्यावरची ‘राख’ लिहिलेली चिठ्ठी नखाने सोलून काढली आणि कोरी चिकटवली. तिच्यावर लिहायला पेन काढलं आणि थांबले.

“त्यांचं नाव काय?” त्यांनी मला विचारलं.

कोणाचं ते मला कळलं. मला माहीत नव्हतं. मेबल सगळा वेळ आईच म्हणत होती. कार्डांवर जिथे तिथे वॉल्टरची बायको. तिच्या हातचा घेवडा ते दीड-दोन वर्षं जेवले होते. मी म्हटलं, ओनुकी-सान, मेबलची आई, वॉल्टरची बायको, काहीही लिहा, पण पाठवा, नाव मागाहून कळवू. मुलगी ताटकळली होती, मागे रांग होती. ते मागच्या माणसापुढे वाकले, त्याला जागा दिली आणि पेटी उचलून भिंतीशी असलेल्या बाकावर जाऊन बसले. मी मुकाट्याने फोन काढून डॉनाला ईमेल लिहिला. तिकडे सगळे झोपलेले. मी सांगितलं की उद्या या, पोस्ट कुठे पळून जात नाही. तुम्हाला बरोबर आणायला उद्या मी नसेन हेही सांगितलं, जरा रागानेच.

“इतक्या वर्षांत मी विचारलं नाही,” ते म्हणाले. “आता थांबतो.”

निखिलचा पुन्हा फोन आला. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी पेटी मांडीवर असल्यामुळे बसल्याबसल्याच मान लववली. दारातून वळून पाहिलं तर ते तसेच ताठ बसले होते, एका हातात कोऱ्या चिठ्ठीचं ते जाड स्पूल, दुसऱ्या हातात टोपण काढलेलं पेन. काउंटरवरची मुलगी त्यांना काहीतरी सांगत होती, बहुधा पोस्ट बंद व्हायची वेळ झाली म्हणून, आणि त्यांना ते ऐकू येत नव्हतं. तिकडे उजाडायला अजून अवकाश होता.